हत्तीरोगाची गोळी, कुत्र्याचे हृदय आणि विस्मृतीत गेलेले सुब्बाराव

हत्तीरोगविरोधी औषधोपचार मोहिमेच्या दिवसांत अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील असंख्य उंबरठ्यांवर एक प्रसंग घडत आला आहे. आरोग्यसेविका किंवा आशा कार्यकर्ती दार वाजवते, घरातील माणसे मोजते, वयाप्रमाणे गोळ्या हातावर ठेवते आणि त्या आपल्यासमोरच घ्याव्यात असा आग्रह धरते. काही जण मुकाट्याने गोळ्या गिळतात, तर काही जण नंतर घेऊ असे सांगून त्या फडताळात ठेवून देतात. आपल्याला काही झालेलेच नाही, मग औषध कशासाठी, हा त्यांचा प्रश्न असतो.

त्या गोळ्यांतील प्रमुख औषधाचे नाव डायइथिलकार्बामाझिन, अर्थात डीईसी. हत्तीरोगाच्या जंतांवर ते प्रभावी आहे हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु याच औषधाने माणसाच्या दारात राखण करणाऱ्या कुत्र्यालाही एका जीवघेण्या आजारापासून अनेक वर्षे वाचविले, ही गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही. हा आजार म्हणजे हार्टवर्म, म्हणजेच हृदयात वाढणारे जंत. आणि ज्या प्रयोगशाळेतून हे औषध बाहेर पडले तिचे प्रमुख एक भारतीय होते, हे तर त्याहूनही कमी जणांना माहीत असेल. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे त्यांचे नाव. झालेला आजार बरा करण्याइतकेच न झालेला आजार रोखणे महत्त्वाचे असते, हा वैद्यकाचा जुना धडा त्यांच्या आयुष्यातून आणि त्यांच्या औषधाच्या प्रवासातून नव्याने समजून घेता येतो.

भीमावरम ते बोस्टन

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तत्कालीन मद्रास इलाख्यातील भीमावरम येथे झाला. वडील महसूल खात्यात साध्या नोकरीत होते आणि प्रकृतीमुळे त्यांना ती लवकर सोडावी लागली. घर मोठे, मिळकत तुटपुंजी. शाळेत असताना हा मुलगा एकदा घरातून पळाला. काशीला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि भरपूर पैसा मिळवायचा, असा त्याचा बेत होता. त्याला वाटेतून परत आणण्यात आले. पुढे वडिलांचे निधन झाले, आणि मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी त्याला तीन वेळा बसावे लागले.

तरुण सुब्बारावांचा ओढा संन्यासाकडे होता. रामकृष्ण मिशनमध्ये जाण्याची त्यांची इच्छा होती. आईने संमती दिली नाही आणि मिशनच्या साधूंनीही त्यांना वैद्यकाचा अभ्यास करून रुग्णसेवा करण्याचा सल्ला दिला. ते मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. गांधीजींच्या आवाहनानंतर त्यांनी खादी वापरण्यास सुरुवात केली, आणि ही खादी शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांच्या डोळ्यांत खुपली. परिणामी एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही खालच्या दर्जाची पदवी त्यांच्या पदरी पडली. सरकारी वैद्यकीय सेवेचे दार बंद झाले. मद्रासमधील आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविण्याची नोकरी त्यांनी पत्करली.

याच काळात घरावर मोठा आघात झाला. उष्ण कटिबंधात आढळणाऱ्या स्प्रू या आजाराने त्यांचे दोन भाऊ थोड्याच अंतराने दगावले. या आजारात आतड्यांना अन्नरस शोषून घेता येत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जाते आणि माणूस झिजत जातो. सुब्बारावांनाही या आजाराने गाठले. आयुर्वेदाचार्य डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या उपचारांनी ते बरे झाले. मात्र आपले भाऊ नेमके कशाच्या अभावाने गेले, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधीच गेला नाही.

उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास करण्यासाठी परदेशी जायचे त्यांनी ठरविले. सासऱ्यांची मदत आणि काकीनाडा येथील एका धर्मादाय निधीचे साहाय्य यांच्या बळावर ते ऑक्टोबर १९२२ मध्ये बोस्टनला पोहोचले. पत्नी शेषगिरी त्या वेळी गरोदर होत्या. काही वर्षांत परतण्याच्या बोलीवर ते निघाले होते. मुलगा झाला आणि तान्हेपणीच गेला. वडिलांनी त्याचे तोंडही पाहिले नाही. सुब्बाराव त्यानंतर कधीही भारतात परतले नाहीत. शेषगिरींनी आयुष्यभर पतीची वाट पाहिली. या थोर जीवनाचा हिशेब मांडताना त्या बाईंच्या वाट्याला आलेले रितेपण विसरून चालत नाही.

हार्वर्डची वर्षे

हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक विभागाचे प्रमुख रिचर्ड स्ट्राँग यांनी या तरुणाला आधार दिला. तरीही पोटापाण्याचा प्रश्न होताच. अमेरिकेत त्यांना डॉक्टर म्हणून व्यवसाय करता येत नव्हता. दिवसा शिक्षण आणि रात्री बोस्टनच्या एका रुग्णालयात हमालाचे काम, असा त्यांचा क्रम सुरू झाला. रुग्णांची मलमूत्राची भांडी स्वच्छ करण्याचेही काम त्यांनी केले. डॉक्टरची पदवी जवळ असणाऱ्या माणसाने हे काम कमीपणा न मानता केले.

पुढे ते सायरस फिस्क यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. १९२५ मध्ये रक्त आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची फिस्क-सुब्बाराव पद्धत प्रसिद्ध झाली. ती इतकी सोपी आणि अचूक होती की जगभरच्या प्रयोगशाळांनी ती स्वीकारली. या पद्धतीच्या साहाय्याने दोघांनी स्नायूंमधील फॉस्फोक्रिएटिन शोधून काढले आणि १९२९ मध्ये एटीपी या द्रव्याविषयीचे संशोधन मांडले. जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे एटीपीचा शोध लावला होता. सजीवांच्या पेशीत ऊर्जेचा विनिमय या द्रव्याच्या रूपाने होतो, हे आज शाळकरी मुलेही शिकतात. १९३० मध्ये सुब्बारावांना पीएच.डी. मिळाली. मात्र हार्वर्डमध्ये कायम स्वरूपाची जागा त्यांना लाभली नाही.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले आणि लवकरच संशोधन विभागाचे प्रमुख झाले. विद्यापीठाची प्रतिष्ठा गेली, पण माणसे, साधने आणि पैसा हाताशी आला. पुढील आठ वर्षांत त्यांच्या देखरेखीखाली जे घडले ते एखाद्या मोठ्या संस्थेच्या अर्धशतकालाही पुरले असते.

भावांचा आजार आणि मुंबईच्या गिरण्या

त्यांतील पहिले काम त्यांच्या भावांच्या मृत्यूशी जोडलेले होते. लुसी विल्स या इंग्रज वैद्यक महिलेने १९२८ नंतर मुंबईत येऊन गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास केला होता. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांना आढळले. त्या अर्कात नेमके काय आहे, हे मात्र कळले नव्हते. लेडर्लेच्या चमूने हे द्रव्य, म्हणजे फॉलिक आम्ल, वेगळे केले आणि १९४५ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार करण्यात यश मिळविले. स्प्रूमधील रक्तक्षयावरही ते गुणकारी ठरले. आज गरोदर स्त्रियांना लोहासोबत जी गोळी दिली जाते तिच्यात हेच फॉलिक आम्ल असते.

याच संशोधनाच्या ओघात फॉलिक आम्लाला विरोध करणारी रसायने तयार झाली. त्यांतील अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले आणि आजार काही काळ मागे हटलेला वैद्यक जगताने प्रथमच पाहिला. मेथोट्रेक्सेट हे आजही वापरात असलेले औषध याच कुळातील. बेंजामिन डगर यांनी मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळविलेले ऑरिओमायसिन हे टेट्रासायक्लिन वर्गातील पहिले प्रतिजैविकही सुब्बारावांच्याच कारकिर्दीत, जुलै १९४८ मध्ये, जगापुढे आले.

डास, रक्त आणि कुत्रा

हत्तीरोगाच्या औषधाची कथा मात्र महायुद्धात सुरू झाली. दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवर लढणाऱ्या हजारो अमेरिकी सैनिकांना हत्तीरोगाच्या जंतांची लागण झाली. हातापायांवर सूज आणि लाल रेषा दिसू लागल्या. आपलेही पाय हत्तीसारखे होणार, या भीतीने जवान खचले. त्या काळी या आजारावर खात्रीचे आणि निर्धोक औषध नव्हते.

या आजाराचे मूळ शोधण्यात भारताचा आणि कुत्र्याचा, दोघांचाही वाटा आहे. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमोथी लुइस यांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म, वळवळणारे जंत दिसले. चीनमधील अमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये हे जंत डासाच्या शरीरात वाढतात हे दाखविले. मॅन्सन यांनी तेथील कुत्र्यांच्या रक्तातील अशाच जंतांचाही अभ्यास केला होता. १९०० च्या सुमारास इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याच्या हृदयातील जंत डासांमार्फत पसरतात हे सिद्ध केले. माणसाचा हत्तीरोग आणि कुत्र्याचा हार्टवर्म हे दोन वेगळे जंत असले तरी एकाच कुळातील आहेत, आणि दोघांचे वाहन डासच आहे.

कुत्र्यातील जंताला शास्त्रीय भाषेत डायरोफायलेरिया इमिटिस म्हणतात. लागण झालेल्या कुत्र्याला डास चावला की रक्तासोबत जंतांची सूक्ष्म पिले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, डासाच्या पोटात जातात. उष्ण हवेत साधारण दोन आठवड्यांत ती संसर्गक्षम होतात. हाच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की ती त्याच्या कातडीत शिरतात. तेथून वाढत, प्रवास करीत ती काही महिन्यांनी फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचतात. सुमारे सहा महिन्यांत जंत प्रौढ होतो. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब वाढते आणि पाच ते सात वर्षे जगते. शेवयांच्या जुडीसारखे गुंतलेले हे जंत रक्ताची वाट अडवितात. सुरुवातीला कुत्र्यात काहीच लक्षण दिसत नाही. पुढे खोकला लागतो, थोडे धावले तरी दम लागतो, वजन घटते, पोटात पाणी साचते आणि अखेर हृदय थकते.

सुब्बारावांच्या प्रयोगशाळेपुढे प्रश्न होता, तो शेकडो रसायनांतून योग्य रसायन निवडायचे कसे, हा. माणसाच्या हत्तीरोगाचे जंत सहजासहजी इतर प्राण्यांत वाढत नाहीत. म्हणून लेडर्लेतील ह्युइट आणि सहकाऱ्यांनी निसर्गतः अशाच कुळातील जंतांची लागण होणारे दोन प्राणी निवडले. एक होता अमेरिकेच्या दक्षिण भागातील कॉटन रॅट. कापसाच्या नावाने ओळखला जाणारा हा उंदीर कपाशीच्या वऱ्हाडातील वाचकाच्या लक्षात सहज राहील. दुसरा प्राणी होता हार्टवर्मची लागण झालेला कुत्रा. पायपेराझिन वर्गातील एका रसायनाने या प्राण्यांच्या रक्तातील मायक्रोफायलेरिया झपाट्याने नाहीशा झाल्या. हे रसायन म्हणजेच डीईसी. १९४७ मध्ये उंदीर आणि कुत्र्यांवरील प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत सुब्बारावांचे नाव सर्वांत शेवटी होते. त्याच वर्षी पोर्तो रिको बेटावरील हत्तीरोगाच्या रुग्णांना हे औषध देऊन त्याचा गुण तपासण्यात आला. हेट्राझान या नावाने ते बाजारात आले आणि पाहता पाहता भारतातील दवाखान्यांत पोहोचले.

सुब्बारावांना मात्र हा प्रवास पाहता आला नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, झोपेतच त्यांचे हृदय बंद पडले. अमेरिकेत २६ वर्षे काढूनही ते तेथील नागरिक झाले नव्हते. कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाची वाट १९४६ मध्ये मोकळी झाली होती, परंतु त्यांनी ती प्रक्रिया पूर्ण केली नाही.

एका गोळीचे दोन प्रवास

सुब्बारावांच्या मागे डीईसीचे दोन प्रवास झाले. पहिला प्रवास माणसांच्या वस्त्यांतून झाला. भारताने १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. या जंतांची पिले रात्रीच रक्तात मोठ्या संख्येने उतरतात, म्हणून कर्मचारी रात्री उशिरा मोहल्ल्यांत जाऊन बोटातून रक्ताचे नमुने घेऊ लागले. विदर्भातील अनेक वस्त्यांना ही रात्रीची रक्ततपासणी परिचित आहे. २००४ पासून देशभरातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्वांना औषध देण्याची मोहीम सुरू झाली. पूर्व विदर्भात या आजाराचा भार अधिक असला तरी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचाही अशा जिल्ह्यांत समावेश झाला. चीनने तर मिठातून डीईसी देण्याचा मार्ग अवलंबिला आणि २००७ मध्ये त्या देशातून हत्तीरोगाचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे मान्य करण्यात आले.

दुसरा प्रवास कुत्र्यांसाठीचा. डीईसी रोज अल्प मात्रेत दिल्यास डासाने कातडीत सोडलेली पिले हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच मरतात, हे १९६० च्या दशकात स्पष्ट झाले. अमेरिका आणि इतर देशांतील हजारो घरांत डासांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीपासून तो संपल्यानंतर दोन महिन्यांपर्यंत कुत्र्याच्या अन्नात रोज ही गोळी मिसळली जाऊ लागली. हार्टवर्म टाळण्याचा तो पहिला व्यवहार्य उपाय होता.

या उपायाला दोन अटी होत्या आणि त्या अटींतच प्रतिबंधाचे मर्म दडलेले आहे. पहिली अट नियमाची. दोन-तीन दिवसांचा खंड पडला तरी संरक्षण तुटत असे. दुसरी अट तपासणीची. कुत्र्याच्या रक्तात आधीच मायक्रोफायलेरिया असतील तर डीईसीच्या एका मात्रेनेही तास-दोन तासांत त्याला उलट्या, जुलाब आणि धक्क्याची अवस्था येऊ शकते, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. एकाच वेळी असंख्य पिले मरू लागल्याने शरीराची प्रतिक्रिया तीव्र होते. माणसात हीच प्रतिक्रिया बहुधा सौम्य असते. लागण झालेल्या माणसाला गोळ्या घेतल्यावर ताप, डोकेदुखी किंवा मळमळ होते, ती औषध काम करीत असल्याची खूण असते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र औषध देण्यापूर्वी रक्ततपासणी करणे ही जीवनमरणाची बाब ठरते.

म्हणूनच मोहिमेत मिळालेल्या आणि न खाता ठेवलेल्या गोळ्या घरच्या कुत्र्याला देण्याचा मोह कोणासही होता कामा नये. औषध तेच असले तरी माणसाची मात्रा आणि कुत्र्याची प्रकृती यांत अंतर आहे. शिवाय ती गोळी माणसानेच घेण्यासाठी दिलेली असते.

मासिक मात्रेचे युग

रोजच्या गोळीची जागा पुढे महिन्यातून एकदा देण्याच्या औषधाने घेतली. जपानमधील सातोशी ओमुरा यांनी गोळा केलेल्या मातीतील सूक्ष्मजीवापासून विल्यम कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयव्हरमेक्टिनचा विकास केला. १९८७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांतील हार्टवर्मच्या प्रतिबंधासाठी त्याच्या मासिक वापरास मान्यता मिळाली. या शोधासाठी दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक लाभले. डीईसीचा कुत्र्यांसाठीचा वापर त्यानंतर जवळजवळ संपला. पुढे दोन्ही औषधांची गाठ पुन्हा विदर्भातच पडली. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या जोडीला आयव्हरमेक्टिनही देण्यास सुरुवात झाली.

आयव्हरमेक्टिनच्या बाबतीतही सावधगिरी हवीच. वऱ्हाडातील पशुपालकांना हे औषध जनावरांच्या गोचिडांवरील इंजेक्शन म्हणून परिचित आहे. मात्र गाय-म्हशींसाठीच्या बाटलीतून अंदाजाने कुत्र्याला मात्रा देणे धोक्याचे आहे. हार्टवर्म टाळण्यासाठी लागणारी मात्रा अत्यंत अल्प असते. कोली आणि तत्सम काही जातींच्या कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे हे औषध मोठ्या मात्रेत मेंदूपर्यंत पोहोचते आणि विषारी ठरते.

आजार जडल्यावरचा उपचार तर याहून खडतर. प्रौढ जंत मारण्यासाठी मेलार्सोमिन या आर्सेनिकयुक्त औषधाची इंजेक्शने स्नायूत खोलवर द्यावी लागतात. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसांत अडकू नयेत म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे अक्षरशः बांधून, धावू न देता ठेवावे लागते. त्याआधी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले जाते, कारण जंतांच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया या जिवाणूंना ते मारते आणि त्यामुळे जंतही दुबळे होतात. डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन वर्गातील औषध. म्हणजे सुब्बारावांच्या काळात पुढे आलेल्या औषधांचा वर्ग आजही या कुत्र्यांच्या उपचारात उपयोगी पडतो.

वऱ्हाडासाठी याचा अर्थ

भारतात हार्टवर्मचा प्रादुर्भाव सर्वत्र सारखा नाही. ईशान्येकडील राज्यांत तो अधिक आढळतो. केरळसारख्या दक्षिणेकडील राज्यांत त्याचा भाऊबंद, डायरोफायलेरिया रिपेन्स, अधिक दिसतो. हा जंत हृदयात न जाता कातडीखाली राहतो आणि क्वचित माणसालाही बाधतो. माणसाच्या डोळ्यातून असा जंत काढल्याच्या नोंदी देशातील वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वऱ्हाडातील कुत्र्यांच्या मालकांना गोचीडतापाची धास्ती अधिक परिचित आहे. परंतु आजकाल कुत्री दूरच्या राज्यांतून विकत आणली जातात, बदलीच्या नोकरीत मालकासोबत प्रवास करतात, आणि डासांची तर वऱ्हाडात कधीच वाण नसते. अकोल्यात मोर्णा नदी आणि अमरावतीत अंबा नाला यांच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास अशाच साचलेल्या घाण पाण्यात वाढतो, आणि कुत्र्यांतील जंत वाहण्याची क्षमताही डासांच्या अनेक जातींत असते.

तेव्हा करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. बाहेरगावाहून, विशेषतः प्रादुर्भाव असलेल्या भागातून आणलेल्या कुत्र्याची रक्ततपासणी करून घ्यावी. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पिले दिसू शकतात, आणि प्रौढ मादीची खूण ओळखणारी चाचणीही उपलब्ध आहे. ही चाचणी लागण झाल्यापासून साधारण सहा महिन्यांपर्यंत काहीच दाखवीत नाही, हे लक्षात ठेवून ती पुन्हा करावी. तपासणी स्वच्छ आल्यावर मासिक औषध सुरू करायचे की नाही, हे पशुवैद्यकाने ठरवावे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था असल्याने या भागाला तज्ज्ञांचा सल्ला दूर नाही. संध्याकाळी आणि रात्री कुत्र्याला जाळी असलेल्या जागेत ठेवावे. अंगणातील टाकी, कूलर, कुंडीखालची ताटली आणि कुत्र्याचेच पाण्याचे भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे. या सवयीने घरातील माणसेही सुरक्षित राहतात.

नाव मागे राहिले

एवढे काम करूनही सुब्बारावांचे नाव मागे का राहिले, याची कारणे अनेक आहेत. ते प्रसिद्धीपासून दूर राहिले. कंपनीच्या संशोधनात श्रेय चमूचे असते आणि निबंधांवर सहकाऱ्यांची नावे आधी येत. मृत्यू अकाली आला. देश नुकताच स्वतंत्र झालेला होता आणि परदेशात वारलेल्या या शास्त्रज्ञाची दखल घेण्यास त्याला सवड नव्हती. सहकाऱ्यांनी मात्र आठवण ठेवली. १९५३ मध्ये एका नव्या बुरशीला सुब्बारोमायसिस हे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आणखी एक कारण त्यांच्या कामाच्या स्वरूपातच आहे. शस्त्रक्रियेने वाचलेला रुग्ण डोळ्यांसमोर असतो आणि तो डॉक्टरांचे नाव घेतो. ज्याचा पाय सुजलाच नाही, किंवा ज्या कुत्र्याच्या हृदयात जंत शिरलेच नाहीत, त्याला कोणाचे आभार मानायचे हे कळतच नाही. प्रतिबंधाचे यश न घडलेल्या गोष्टींत असते, आणि त्याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. दोन भावांना डोळ्यांदेखत गमावलेल्या सुब्बारावांनी आयुष्य वेचले ते इतरांच्या घरात तसे काही घडू नये यासाठी. माणसाने वर्षातून एकदा गोळी घेणे आणि दारच्या मुक्या जनावराला वेळेवर पशुवैद्यकाकडे नेणे, ही त्या कामाची राहिलेली बाजू आहे आणि ती प्रत्येक घराच्या हातात आहे.